नोंदवही, निकालपत्र आणि मुलाखत : स्त्रियांवरील हिंसेचा अभ्यास कसा करावा

युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने २०१४ मध्ये एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. २८ देश, सुमारे ४२ हजार स्त्रियांच्या मुलाखती. वयाच्या पंधराव्या वर्षापासून कधीतरी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांचं प्रमाण डेन्मार्कमध्ये ५२ टक्के, फिनलंडमध्ये ४७ आणि स्वीडनमध्ये ४६ टक्के निघालं. पोलंडमध्ये ते १९ टक्के होतं. असे आकडे हाती पडले की देशांची क्रमवारी लावून मोकळं होण्याचा मोह होतो. तो आवरायचा. एका टक्केवारीत इथे निदान तीन गोष्टी मिसळलेल्या आहेत: हिंसा किती घडते, घडलेल्या गोष्टीला बाई हिंसा मानते का, आणि दारात आलेल्या अनोळखी माणसाला ती सांगायला धजावते का. नुसत्या आकड्याकडे बघून या तिन्ही सुट्या करता येत नाहीत.

या विषयातली कुठलीही नोंद घ्या, पोलीस ठाण्यातली, दवाखान्यातली, कोर्टातली किंवा सर्वेक्षणातली. ती तयार होण्यासाठी कोणाला तरी बोलावं लागलं आणि दुसऱ्या कोणी तरी ते लिहून घेतलं. बोलण्याची किंमत तिला काय पडली असेल आणि लिहिणाऱ्याने काय गाळलं असेल, हे दोन प्रश्न प्रत्येक कागदाला विचारत राहायचे. कायदा, समाजशास्त्र, समाजकार्य शिकणारे विद्यार्थी, पत्रकार, संस्थांमधले कार्यकर्ते, यांच्यापैकी जे पहिल्यांदाच या विषयाला हात घालणार आहेत त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी प्रश्न लहान करा

‘कौटुंबिक हिंसाचार : कारणे आणि उपाय’ या नावाचे प्रबंध दरवर्षी लिहिले जातात आणि कपाटात जातात. एवढा मोठा प्रश्न एका माणसाला झेपत नाही. त्याऐवजी असं विचारा: संरक्षण आदेश, म्हणजे बाईला त्रास देऊ नये असा कोर्टाचा हुकूम, मिळाल्यानंतर सहा महिन्यांत तो मोडला गेला का, मोडला तर बाईने कोणाला कळवलं आणि कळवल्यावर काय झालं? या प्रश्नाला सुरुवात आहे, शेवट आहे आणि उत्तर कुठे सापडेल हेही त्यातच दिसतं.

प्रश्नावरून साधन ठरतं. ‘किती जणींना?’ असं विचारायचं असेल तर सर्वेक्षण लागतं. ‘यंत्रणा काय करते?’ याचं उत्तर नोंदी आणि खटल्यांच्या फायलींमध्ये असतं. ‘कायदा कसा लावला जातो?’ यासाठी निकालपत्रं वाचावी लागतात. आणि ‘जगणं कसं असतं?’ हे फक्त मुलाखतीतून कळतं. एका अभ्यासात यांपैकी दोन साधनं जोडली तर ती एकमेकांना तपासतात. चारही वापरू म्हणणाऱ्यांचं बहुधा एकही नीट होत नाही.

इथेच आणखी एक प्रश्न स्वतःला विचारायचा, आणि प्रामाणिकपणे विचारायचा: नव्या मुलाखती खरंच लागणार आहेत का? तुम्हाला हवी ती माहिती कोणी तरी आधीच गोळा केलेली असेल, तर एका बाईला तीच जखम पुन्हा उघडून दाखवायला लावण्याचं काही समर्थन उरत नाही. भारतातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासारख्या कित्येक मोठ्या सर्वेक्षणांची मूळ आकडेवारी संशोधकांना मागणीवरून मिळते. ती आधी चाळा.

कायद्याचा कालपट

प्रश्न ठरला की पहिला आठवडा कायद्यासाठी ठेवा. एक साधा तक्ता करा: वर्ष, कायदा किंवा दुरुस्ती, त्याने कोणतं वर्तन गुन्हा ठरलं, कोणाला संरक्षण मिळालं, अंमल कधीपासून. हा तक्ता नसेल तर पुढे आकडे वाचताना हमखास फसगत होते.

उदाहरणार्थ, इंग्लंड आणि वेल्समध्ये जोडीदारावर सतत पाळत ठेवणं, पैसे अडवणं, माणसांपासून तोडणं या नियंत्रणाच्या वर्तनाला स्वतंत्र गुन्हा म्हणून स्थान मिळालं ते २०१५ च्या कायद्याने. त्याआधीच्या पोलीस आकडेवारीत या गुन्ह्याचा रकानाच नाही. म्हणजे ते घडत नव्हतं असं नव्हे. भारतात २०१३ च्या दुरुस्तीने बलात्काराची व्याख्या बरीच व्यापक केली, त्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे आकडे एकाच रेषेवर मांडले तर वाढीचा काही भाग नुसता व्याख्येतून आलेला असतो. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आणि कलमांचे क्रमांक बदलले. नवरा किंवा सासरच्यांच्या क्रूरतेबद्दलचं जुनं ४९८अ शोधणाऱ्याला आता कलम ८५ आणि ८६ ही शोधावी लागतात. जुन्या घटनांचे खटले मात्र जुन्याच कलमांखाली चालू आहेत, तेव्हा पुढची काही वर्षं दोन्ही शोधावं लागेल.

आंतरराष्ट्रीय पातळीवर वाट थोडक्यात अशी आहे. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याचा करार, म्हणजे ‘सीडॉ’, १९७९ चा. त्याच्या मूळ मजकुरात स्त्रियांवरील हिंसेचं स्वतंत्र कलम नाही. हिंसा हा भेदभावाचाच प्रकार आहे हे कराराच्या अंमलावर लक्ष ठेवणाऱ्या समितीने १९९२ च्या १९ क्रमांकाच्या शिफारशीत स्पष्ट केलं आणि २०१७ च्या ३५ क्रमांकाच्या शिफारशीत ते अद्ययावत केलं. मधे १९९३ चा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा येतो. कुटुंबातली, समाजातली आणि राज्यसंस्थेने केलेली किंवा खपवून घेतलेली, अशी तिन्हीकडची हिंसा त्याने एका व्याख्येत आणली. युरोप परिषदेचा २०११ चा इस्तंबूल करार तर त्यात सामील देशांना आकडेवारी गोळा करण्याची आणि संशोधनाला पाठबळ देण्याचीच जबाबदारी देतो (कलम ११). कामाच्या जागेवरील छळासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०१९ चा १९० क्रमांकाचा करार पाहावा.

सामाजिक संशोधन कोर्टात नेमकं कुठे कामाला येतं हे बघायचं असेल, तर युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा २००९ चा ‘ओपुझ विरुद्ध तुर्की’ हा निकाल संपूर्ण वाचा. नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध आणि धमक्यांविरुद्ध मायलेकींनी वारंवार तक्रारी केल्या, काही मागेही घेतल्या, आणि शेवटी जावयाने सासूला गोळी घातली. तक्रार मागे घेतली म्हणून राज्यसंस्थेची जबाबदारी संपत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. शिवाय स्थानिक वकील संघटना आणि मानवी हक्क संस्थांच्या अहवालांचा आधार घेऊन, यंत्रणेची ही ढिलाई स्त्रियांविरुद्धचा भेदभाव ठरते, असाही निष्कर्ष काढला. कोणीतरी चिकाटीने नोंदी ठेवल्या होत्या म्हणून हा युक्तिवाद उभा राहिला.

सरकारी आकडे वाचण्याआधी तळटीप वाचा

पोलिसांची आकडेवारी प्रामुख्याने यंत्रणेच्या कामकाजाची नोंद असते. तक्रारी वाढल्या याचा अर्थ हिंसा वाढली असा होऊ शकतो, तसाच विश्वास वाढला, ठाण्यात महिला कक्ष उघडला, किंवा एखाद्या गाजलेल्या प्रकरणानंतर लोक बोलू लागले, असाही. भारतातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१), शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कुठलीही मदत मागितलेल्या स्त्रिया फक्त १४ टक्के होत्या. आणि ‘मदत’ म्हणजे बहुतेक वेळा माहेर. पोलिसांपर्यंत पोचलेल्या त्याहून कितीतरी कमी.

मोजणीचे नियम तर तपासायलाच हवेत. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ‘प्रमुख गुन्हा’ हे तत्त्व वापरतो: एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तरी त्यांतला सर्वांत गंभीर तेवढा मोजला जातो. बाकीची कलमं आकडेवारीतून नाहीशी होतात. अशी मोजणी करणारा देश एकटा भारत नाही.

दुसरं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. इंग्लंड आणि वेल्सच्या गुन्हे सर्वेक्षणात एकाच व्यक्तीवर सारखा सारखा होणारा तोच गुन्हा अनेक वर्षं जास्तीत जास्त पाच वेळाच धरला जात होता. मोजक्या लोकांनी सांगितलेल्या मोठ्या संख्यांमुळे वर्षागणिक आकडे हेलकावू नयेत, हा त्यामागचा सांख्यिकीय हेतू. पण ज्या बाईला वर्षात पन्नास वेळा मार बसला, तिचे पंचेचाळीस मार हिशेबाबाहेर गेले. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ सिल्व्हिया वॉल्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मर्यादा काढून फेरमोजणी केली, तेव्हा स्त्रियांवरील आणि ओळखीच्यांकडून होणाऱ्या हिंसेचं प्रमाण बरंच वर गेलं. पुढे तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने पद्धत बदलली. मोजणीचा एक निरुपद्रवी वाटणारा नियम नेमका याच प्रकारच्या हिंसेला झाकत होता.

‘खोट्या केसेस’चा मुद्दा तुमच्या अभ्यासात कोणी ना कोणी काढणारच, तेव्हा तयारी ठेवा. भारतीय आकडेवारीत पोलिसांनी बंद केलेल्या प्रकरणांचे प्रकार वेगवेगळे दिलेले असतात: तक्रार खोटी, वस्तुस्थितीचा किंवा कायद्याचा गैरसमज अथवा दिवाणी वाद, आणि घटना खरी पण पुरावा अपुरा. वादविवादात हे सगळं एकाच पोत्यात कोंबलं जातं, वर निर्दोष सुटकाही त्यातच ढकलली जाते. निर्दोष सुटका म्हणजे आरोप संशयापलीकडे सिद्ध झाला नाही, एवढंच. साक्षीदार फितूर झाले, तडजोड झाली, दहा वर्षांनी फिर्यादीने येणं सोडलं, यांपैकी काहीही कारण असू शकतं. पोलिसांनी ‘खोटी’ असा शेरा मारलेलं प्रकरणसुद्धा पोलिसांचं मत असतं. या उलट, खोटी तक्रार कधीच होत नाही असं लिहिणंही संशोधन नव्हे. प्रत्येक प्रकाराची संख्या वेगळी द्या आणि ती कोणी ठरवली ते सांगा.

दोषसिद्धीच्या टक्केवारीतही छेद काय आहे ते बघा. नोंदवलेल्या तक्रारींपैकी किती, दोषारोपपत्र दाखल झालेल्यांपैकी किती, की त्या वर्षी निकाल लागलेल्यांपैकी किती? भारतात तिसरा हिशेब धरला जातो. वर्षानुवर्षं पडून असलेली प्रकरणं त्यात येतच नाहीत. शक्य असेल तर एका ठाण्यातल्या किंवा एका कोर्टातल्या एकाच वर्षाच्या तक्रारी घ्या आणि प्रत्येकीचं पुढे काय झालं हे शेवटपर्यंत शोधा. गळती कुठल्या टप्प्यावर होते हे असंच कळतं. काम कंटाळवाणं आहे, पण या क्षेत्रात सगळ्यात उपयोगी पडणारं काम बहुधा हेच.

निकालपत्रांचं वाचन

ऑनलाइन शोधयंत्रात ‘क्रूरता’ टाकायचं आणि वर आलेले वीस निकाल वाचायचे, याला नमुना निवड म्हणत नाहीत. वरच्या कोर्टांचे निकाल छापून येतात, खालच्या कोर्टांचे फारसे नाहीत. अपील कोण करू शकतो? ज्याच्याकडे पैसा आणि वेळ आहे तो. तेव्हा वरच्या कोर्टाच्या निकालांवरून ‘खटल्यांत साधारण असं असतं’ हे म्हणू नका, ‘अपिलात न्यायाधीश असा विचार करतात’ एवढंच म्हणा.

निवडीचा नियम आधी लिहून काढा: कोणतं न्यायालय, कोणता कालावधी, कोणती कलमं, काय वगळणार. यादी फार मोठी झाली तर त्यातून यादृच्छिक निवड करा. मग सांकेतिक तक्ता, म्हणजे प्रत्येक निकालातून काय टिपायचं याचे ठरवलेले रकाने. त्यात घटना आणि तक्रार यांतलं अंतर, पक्षकारांचं नातं, हिंसेचे नोंदवलेले प्रकार, वैद्यकीय पुरावा, फितूर साक्षीदार, तडजोड, निकाल, शिक्षा हे रकाने असणारच. पण माझ्या मते खरं काही हाती लागतं ते युक्तिवादाच्या रकान्यांत. तक्रारीला उशीर का झाला याचं स्पष्टीकरण न्यायालयाने ऐकलं का? बाईच्या वागण्यावर, कपड्यांवर, पूर्वीच्या संबंधांवर टिप्पणी आहे का? शिक्षा कमी करताना कारण काय दिलं: आरोपीचं तरुण वय, कुटुंबाचा कमावता, नंतर झालेलं लग्न?

जामिनाचे आदेशही सोडू नका. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना तक्रारदार स्त्रीकडून राखी बांधून घेण्याची अट घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ‘अपर्णा भट’ प्रकरणात ती रद्द केली आणि अशा अटींबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने न्यायालयीन भाषेतल्या साचेबद्ध कल्पनांवर एक पुस्तिका काढली. तुमचा तक्ता बनवताना तिचा आधार घेता येईल.

पहिले पंधरा-वीस निकाल दोघांनी स्वतंत्रपणे या तक्त्यात भरावेत आणि मग जुळवून बघावेत. जिथे मतभेद होतो तिथे रकान्याची व्याख्या ढिली असते.

प्रश्नावली : कृती विचारा, नाव विचारू नका

‘तुमच्यावर कधी अत्याचार झाला का?’ या प्रश्नाला बहुसंख्य बाया नाही म्हणतात. ‘मारतो कधी कधी, पण तसं काही नाही,’ हे त्याच बाईचं पुढचं वाक्य असतं. म्हणून प्रश्न कृतीचा हवा आणि एका प्रश्नात एकच कृती हवी. गेल्या बारा महिन्यांत नवऱ्याने किंवा जोडीदाराने तुम्हाला ढकललं का? केस ओढले का? गळा दाबला का? मनाविरुद्ध शरीरसंबंध ठेवायला भाग पाडलं का? बाहेर जायला, फोन करायला विचारावं लागतं का? आणि मग हेच ‘आयुष्यात कधी’ म्हणून पुन्हा. गळा दाबण्याचा प्रश्न मारहाणीत मिसळून टाकू नका. त्याच्या खुणा अंगावर पुष्कळदा दिसत नाहीत, पण पुढे जिवाला धोका असल्याची ती मोठी सूचना असते.

कृती मोजणं पुरेसंही नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मरे स्ट्रॉस यांनी १९७९ मध्ये मांडलेली, जोडीदारांमधल्या भांडणात कोणी काय केलं हे मोजणारी संघर्षकृतींची मोजपट्टी जगभर वापरली गेली. तिच्यावरच्या कित्येक पाहण्यांत स्त्री आणि पुरुष जवळपास सारखेच हिंसक दिसले, आणि त्यावरून वाद पेटला. टीका अशी होती की ही पट्टी थपडा मोजते. कोणी स्वतःला वाचवायला हात उगारला, कोणाला इजा झाली, कोण कोणाला घाबरून जगतं, हे तिला दिसत नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मायकेल जॉन्सन यांनी १९९५ मध्ये यातली एक गाठ सोडवली. भांडणात भडकून होणारी हिंसा आणि दुसऱ्याला कायम ताब्यात ठेवण्यासाठी केलेली हिंसा, हे दोन प्रकार त्यांनी वेगळे केले. घरोघरच्या पाहणीत पहिला प्रकार जास्त सापडतो. आश्रयगृहात आणि कोर्टात दुसरा. दोन्ही बाजूंचे संशोधक आपापल्या जागी बरोबर मोजत होते, फक्त वेगळ्या गोष्टी. तेव्हा प्रश्नावलीत वारंवारता, इजा, भीती आणि नियंत्रण हे चार रकाने हवेतच. ‘तो घरी यायची वेळ झाली की तुम्हाला कसं वाटतं?’ हा एक प्रश्न पुष्कळ काही सांगून जातो.

पुरुषांवरची, तृतीयपंथी व्यक्तींवरची, समलिंगी जोडप्यांमधली हिंसा हाही अभ्यासाचा विषय आहे. पण तिच्यासाठी वेगळी प्रश्नावली आणि वेगळी विश्वासाची वाट लागते. स्त्रियांच्या प्रश्नावलीतलं ‘नवरा’ खोडून ‘बायको’ लिहिलं की काम झालं, असं होत नाही.

मुलाखत : तिचा जीव आधी

या भागावर घाई नको. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये घरगुती हिंसेवरच्या संशोधनासाठी सुरक्षिततेचे आणि नीतीचे नियम प्रसिद्ध केले. त्यांचा पाया एकच: उत्तर देणारीची आणि विचारणाऱ्यांची सुरक्षितता सगळ्या निर्णयांच्या वर. संघटनेने दहा देशांत २४ हजारांहून अधिक स्त्रियांचा जो अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध केला, तो याच नियमांवर उभा होता. जोडीदाराकडून आयुष्यात कधीतरी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झालेल्यांचं प्रमाण त्यात ठिकाणानुसार १५ ते ७१ टक्के निघालं. त्याच अभ्यासातल्या काही युक्त्या उचलण्यासारख्या आहेत.

पहिली, अभ्यासाचं नाव. घरात आणि वस्तीत सांगताना ‘स्त्रियांचं आरोग्य आणि जीवनानुभव’ असं सांगितलं गेलं. खरा विषय फक्त त्या बाईला, एकांतात, सुरुवातीलाच सांगायचा आणि नंतर संमती घ्यायची. म्हणजे तिला फसवलं जात नाही, पण घरातल्यांना कुणकुण लागत नाही.

दुसरी, एका घरातून एकाच बाईची मुलाखत. सासूला आणि सुनेला दोघींना विचारलंत की दोघींनाही विषय कळला. वस्तीतल्या पुरुषांनाही विचारायचं असेल तर त्यासाठी दुसरी वस्ती निवडा.

तिसरी, खोटी प्रश्नावली. मुलाखत चालू असताना कोणी आत आलं तर लगेच मुलांच्या लसीकरणाचे किंवा आहाराचे प्रश्न सुरू करायचे. हे तिला आधीच सांगून ठेवायचं आणि एखादा शब्द ठरवायचा. दोन वर्षांवरचं मूल जवळ असेल तर मुलाखत पुढे ढकला. मुलं संध्याकाळी बापाला सगळं सांगतात.

लहानपणीच्या लैंगिक अत्याचारांविषयी त्या अभ्यासात शेवटी एक चिठ्ठी दिली जाई. तिच्यावर दोन चेहरे असत, एक हसरा आणि एक दुःखी. बाईने खूण करून चिठ्ठी पाकिटात बंद करायची, विचारणारीला काहीच कळत नसे. तोंडी जे सांगितलं नव्हतं ते बऱ्याच ठिकाणी या चिठ्ठीत आलं.

संमतीसाठी सहीचा कागद तिच्याकडे ठेवू नका. तो उशीखाली सापडला तर पुरावा होतो, तिच्याविरुद्ध. तोंडी संमती घ्या आणि तुमच्याकडे नोंदवा. मदतकेंद्रांची माहिती द्यायची तर ती इतर आरोग्यसेवांच्या यादीत मिसळून, लहान चिठ्ठीवर, आणि तिला नको असेल तर नाही. फोनवर मुलाखत असेल तर पहिला प्रश्न ‘आत्ता बोलता येईल का? हो किंवा नाही एवढंच सांगा.’ निरोप पाठवण्याआधी विचारा, फोन आणखी कोण बघतं. आपण बाहेर पडायचं ठरवलंय असं ती सांगत असेल तर जास्त सावध राहा. नातं तोडण्याच्या सुमारास धोका वाढतो हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलेलं आहे.

गुप्ततेचं वचन देताना त्याची हद्दही सांगा. भारतात मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि संशोधकाला त्यातून सूट नाही. ‘काहीही सांगा, बाहेर जाणार नाही’ असं आधी म्हणून नंतर पोलिसांकडे जाणं हा विश्वासघातच. तुमच्या देशात संशोधकाच्या टिपणांना कोर्टाच्या समन्सपासून संरक्षण आहे का, हेही नीतिसमितीपुढे जाण्याआधी वकिलाला विचारून घ्या.

ऐकणाऱ्यांचं काय? दिवसाला तीन-चार अशा मुलाखती घेणारी मुलगी रात्री झोपत नाही. प्रशिक्षण घेतानाच विचारा, तुमच्यापैकी कोणाला हा विषय घरचा आहे का, आणि कामातून बाहेर पडण्याची मोकळीक द्या. रोजच्या कामानंतर अर्धा तास एकत्र बसणं आणि समुपदेशकाचा खर्च हे अंदाजपत्रकात पहिल्यापासून घाला. नंतर पैसे उरत नाहीत.

एका प्रयोगाची गोष्ट

निष्कर्षावरून कायदा सुचवण्याआधी अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराचा प्रयोग माहीत असावा. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधक लॉरेन्स शर्मन आणि रिचर्ड बर्क यांनी तिथल्या पोलिसांबरोबर किरकोळ घरगुती मारहाणीच्या प्रकरणांत तीन उपाय चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून दिले: अटक, समजावणी, किंवा नवऱ्याला काही तास घराबाहेर पाठवणं. पोलीस नोंदींनुसार सहा महिन्यांत पुन्हा हिंसा झाल्याचं प्रमाण अटकेनंतर १० टक्के, समजावणीनंतर १९ आणि बाहेर पाठवल्यावर २४ टक्के निघालं. १९८४ मध्ये निष्कर्ष छापून आले आणि अमेरिकेत सक्तीच्या अटकेचे नियम झपाट्याने पसरले. नंतर ओमाहा, शार्लट, मिलवॉकी वगैरे शहरांत तोच प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा चित्र एकसारखं राहिलं नाही. मिलवॉकीत तर बेरोजगार आरोपींच्या बाबतीत अटकेनंतर हिंसा वाढलेली दिसली. आणि सक्तीच्या नियमामुळे काही ठिकाणी स्वतःचा बचाव करणाऱ्या बायाही अटकेत गेल्या. एका शहरातला निष्कर्ष सगळीकडे लागू करण्याची घाई धोरणकर्त्यांनी केली. आपल्या निष्कर्षाखाली ‘कुठे, कोणावर, किती काळ’ हे ठळक लिहून ठेवलं तर असा वापर निदान अवघड होतो.

लिहिताना

आकडेवारी कोणाच्या हातात जाईल याचाही विचार हवा. अमेरिकी कायदे-अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९९१ च्या त्यांच्या लेखात सांगितलेला प्रसंग आहे. लॉस एंजेलिस पोलिसांकडे त्यांनी विभागवार घरगुती हिंसेचे आकडे मागितले. ते मिळाले नाहीत. एक कारण असं दिलं गेलं की अल्पसंख्याक वस्त्यांतले आकडे निवडून वापरले जातील आणि ‘ही त्यांचीच समस्या’ म्हणून विषय झटकला जाईल, अशी चळवळीतल्या लोकांनाच भीती होती. भीती रास्त होती, पण आकडे दडवल्यामुळे त्याच वस्त्यांतल्या बाया अदृश्य राहिल्या. यावर साधं उत्तर नाही. मी एवढं म्हणेन की जात, धर्म, वर्ग यांनुसार फोड करायची तर त्याच्या शेजारी मदत कोणापर्यंत पोचते याचीही फोड द्या. नुसती पहिली दिली तर ती आरोपपत्रासारखी वाचली जाते.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं समजू नका. ‘तालुक्याच्या गावातली शिक्षिका, दोन जुळ्या मुली, नवरा पोलीस’ एवढं वाचलं की गाव तिला ओळखतं. तपशील गाळा, गावाचा प्रकार तेवढा ठेवा, आणि जिथे तपशील बदलला तिथे तसं सांगा. भारतात बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे. ‘निपुण सक्सेना’ निकालात (२०१८) सर्वोच्च न्यायालयाने मृत पीडितेच्या नावालाही हे संरक्षण दिलं. जुन्या निकालपत्रांत नाव छापलेलं सापडलं तरी तुम्ही ते पुन्हा छापू नका.

वाक्यात कर्ता ठेवा. ‘तिला मारहाण झाली’ असं सलग चाळीस पानं लिहिलं की मारणारा अहवालातून निघून जातो.

मसुदा तयार झाला की मदतकेंद्रातल्या कार्यकर्तीला, आणि शक्य असेल तर सहभागी झालेल्या एक-दोघींना, सुरक्षित जागी वाचून दाखवा. ध्वनिमुद्रणं लिहून काढली की पुसा, नावं आणि संकेतांक यांची जोडणारी यादी वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवा आणि ती नष्ट करण्याची तारीख संमतीच्या वेळीच ठरवून टाका. ज्या संस्थेने तुम्हाला बायांपर्यंत पोचवलं तिला दोनशे पानांचा प्रबंध देऊन उपयोग नसतो. दोन पानांचा गोषवारा द्या. त्यांच्या पुढच्या निधीच्या अर्जाला किंवा कोर्टातल्या प्रतिज्ञापत्राला तो जोडता यावा, अशा भाषेत तो लिहा.